मधल्या टप्प्यावरचे इंग्रजी व्याकरण मराठीशी ताडून शिकवावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी जे सदर येते, ते मी नियमाने वाचतो. नवशिक्यांना त्याचा उपयोग होतो याबद्दल शंका नाही. मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकजण नवशिके नसतात. त्यांना इंग्रजी बातमी वाचून समजते, कामापुरते पत्र लिहिता येते, समोरच्याचे बोलणेही कळते. मात्र त्यांनी लिहिलेल्या दर दोन-तीन वाक्यांत काहीतरी खटकते आणि काय खटकते हे त्यांचे त्यांना सांगता येत नाही. अशा वाचकाने आपले सदर उघडले किंवा व्याकरणाचे एखादे पुस्तक विकत घेतले, की त्याच्या हाती पुन्हा पहिल्या पायरीचेच नियम पडतात, फक्त उदाहरणे थोडी लांब असतात. या मधल्या टप्प्यावरच्या माणसाला नव्या नियमांची फारशी गरज नसते. त्याला ठाऊक असलेल्या दोन रूपांपैकी कोणते कुठे निवडायचे हे त्याला कळत नाही, आणि चुकीची निवड बहुतेक वेळा त्याच्या मराठीतून आलेली असते. तेव्हा ही निवड त्याला मराठीतून, मराठीच्या शेजारी ठेवून शिकवावी, एवढेच मला या पत्रात मांडायचे आहे.

‘मधला टप्पा’ हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. युरोप परिषदेने २००१ साली भाषा शिकणाऱ्यांच्या ज्या सहा पातळ्या प्रसिद्ध केल्या, त्यांतील बी-१ आणि बी-२ या पातळ्यांवरचा माणूस भाषेचा स्वतंत्र वापर करू लागलेला मानला जातो. ती चौकट कोणत्याही एका भाषेची नसल्यामुळे माणसाला त्या भाषेत काय काय करता यावे हे ती सांगते, पण इंग्रजीतले कोणते नियम कधी शिकवावेत याची यादी तिच्यात नाही. ती यादी अभ्यासक्रम आखणारे आणि पुस्तके छापणारे तयार करतात, आणि जगभरच्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी ती एकच असल्यामुळे शिकणाऱ्याची मातृभाषा तिच्यात कुठेच येत नाही.

काळांचेच पाहू. आपल्याकडे बहुतेकांनी इंग्रजीचे बारा काळ एका तक्त्यात पाठ केलेले असतात, प्रत्येक रकान्यासमोर एक मराठी वाक्य लिहिलेले असते, आणि तक्ता पाठ झाला म्हणजे काळ आले असा समज असतो. वास्तविक इंग्रजी क्रियापदाला रूपाने दोनच काळ आहेत, वर्तमान आणि भूत. भविष्याचे काम ‘विल’सारखी सहायक क्रियापदे करतात, आणि बाकीचे रकाने म्हणजे घटना चालू आहे की पुरी झाली आहे हे दाखवणाऱ्या जोडण्या आहेत. अलीकडचे बहुतेक व्याकरणकार अशीच मांडणी करतात. तरीही तक्त्याला माझा विरोध नाही. पाठांतराला तो बरा आहे. घात होतो तो त्यातल्या बरोबरीच्या चिन्हामुळे. ‘मी गेलो आहे’ म्हणजे ‘आय हॅव गॉन’, ‘मी गेलो होतो’ म्हणजे ‘आय हॅड गॉन’, असे एकदा मनात बसले की पुढची चूक ठरलेलीच आहे.

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मी काल त्यांच्याकडे गेलो होतो.’ इथे ‘होतो’ने गेलो आणि परत आलो, ती गोष्ट मागे पडली, एवढेच सुचवले जाते. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ला याहून अरुंद काम आहे. भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी दुसरी घटना घडली होती, हे दाखवायचे असेल तेव्हाच ते रूप येते. ‘यस्टरडे आय हॅड गॉन देअर’ असे वाक्य ऐकले की इंग्रज श्रोता पुढच्या घटनेची वाट पाहत थांबतो, आणि ती काही येत नाही. त्या जागी साधे ‘आय वेंट’ पुरते. दुसऱ्या बाजूने, ‘तो कालच गावाला गेला आहे’ हे मराठीत निर्दोष आहे. आपल्या ‘आहे’ला ‘काल’चे वावडे नाही. इंग्रजीतल्या ‘हॅज गॉन’ला ते आहे. संपलेल्या वेळेचा उल्लेख आला, मग तो ‘यस्टरडे’ असो, ‘लास्ट इयर’ असो की ‘२०१९ साली’ असो, की ‘हॅव’-‘हॅज’चे रूप मागे सरते आणि साधा भूतकाळ येतो. ‘आय हॅव सीन हिम’ चालते, ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चालत नाही. वेळ सांगितली की गोष्ट त्या वेळेची होते आणि वेळ न सांगता ‘हॅव’ वापरले की तिचा संबंध आत्ताशी जोडला जातो, हे एवढे स्पष्टीकरण मी एकाही तक्त्याखाली छापलेले पाहिलेले नाही. (अमेरिकेत ‘डिड यू ईट येट?’ आणि ब्रिटनमध्ये ‘हॅव यू ईटन येट?’ असा फरक आढळतो, पण तो या मूळ नियमाच्या कडेचा आहे आणि शिकणाऱ्याने सुरुवातीलाच त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.)

तीच गत ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘चार वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजी मात्र सुरुवातीचा क्षण आणि मधला अवधी वेगळे ठेवते: पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. शिवाय मराठीत ‘मी चार वर्षांपासून इथे काम करतो आहे’ असे वर्तमानकाळात म्हणता येते, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स’ हे वाक्य आपोआप तयार होते. त्यातले दोन्ही दोष मराठीच्या नीट व्यवस्थेतून आले आहेत. ते अज्ञानातून आले आहेत असे समजून शिक्षक जेव्हा पुन्हा ‘प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस’ची व्याख्या फळ्यावर लिहितो, तेव्हा विद्यार्थी ती मुकाट्याने उतरवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा लिहितो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते याचा एक नमुना देतो. माझ्याकडे येणाऱ्या लेखनातून जुळवलेला हा मजकूर आहे, एका कर्मचाऱ्याने वरिष्ठाला लिहिलेल्या पत्राच्या धर्तीचा:

‘आय ॲम वर्किंग इन धिस डिपार्टमेंट सिन्स फोर इयर्स. लास्ट वीक आय हॅड सबमिटेड द रिपोर्ट व्हिच यू हॅड आस्क्ड. आय वाँट टू नो व्हेन विल यू डिस्कस अबाउट इट. इफ एनी इन्फर्मेशन्स आर मिसिंग, आय विल सेंड.’

मजकूर समजतो, आणि म्हणूनच तो लिहिणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. पहिल्या वाक्याविषयी वर लिहिलेच आहे. ते ‘आय हॅव बीन वर्किंग इन धिस डिपार्टमेंट फॉर फोर इयर्स’ असे हवे. दुसरे वाक्य सर्वांत बोलके आहे, कारण त्यात ‘हॅड’ दोनदा आले आहे, आणि एक चूक आहे तर दुसरे अगदी बरोबर आहे. अहवाल दिला तो ‘लास्ट वीक’, तेव्हा ‘सबमिटेड’ पुरे. पण अहवाल मागितला होता तो देण्याच्याही आधी, म्हणून ‘यू हॅड आस्क्ड’ योग्यच, फक्त त्याच्यापुढे ‘फॉर’ हवा. लिहिणाऱ्याला विचारले की इथे ‘हॅड’ का, तर तो म्हणतो, ‘कारण मराठीत दोन्हीकडे “होते” येते.’ म्हणजे बरोबर असलेले ‘हॅड’सुद्धा त्याच्या हातून योगायोगाने बरोबर आले आहे. तिसऱ्या वाक्यात प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला आहे. मराठीत पोटात गेला तरी प्रश्नाची रचना तशीच राहते: ‘तुम्ही कधी चर्चा कराल?’ आणि ‘तुम्ही कधी चर्चा कराल ते मला कळवा.’ इंग्रजीत पोटात गेल्यावर प्रश्नाचा उलटा क्रम सरळ होतो, ‘व्हेन यू विल डिस्कस इट’. ‘अबाउट’ आला तो ‘विषयी’मधून; ‘डिस्कस’ला तो लागत नाही. चौथ्या वाक्यातले ‘इन्फर्मेशन’ इंग्रजीत मोजता येत नाही, त्यामुळे त्याचे अनेकवचन होत नाही. शेवटच्या ‘सेंड’ला कर्म नाही, कारण मराठीत ‘पाठवीन’ एवढे म्हटले की काय पाठवीन ते ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजीला तिथे ‘इट’ लागतोच.

चार वाक्यांत सात-आठ दोष, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे मराठीची एकेक रीत. या दोषांकडे पाहण्याची ही दृष्टी नवी नाही. शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या मनात तयार होत असलेल्या व्यवस्थेचा पुरावा आहे, असे भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडले. पुढे १९७२ साली त्याच विषयाचे अभ्यासक लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या मध्ये शिकणाऱ्याची स्वतःची एक मधली भाषा असते, आणि तिच्यातली काही रूपे कायमची घट्ट होऊन बसतात, हे दाखवून दिले. कामापुरते इंग्रजी येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण त्याचे काम अडत नाही. नवशिक्याला लोक थांबवून दुरुस्त करतात, याला कोणी थांबवत नाही.

उपपदांचा, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांचा, प्रश्न याहून चिवट आहे. पुस्तके ‘अ’ की ‘ॲन’ यावर पानेच्या पाने खर्च करतात: ‘ॲन अवर’, ‘अ युनिव्हर्सिटी’, अक्षर न पाहता उच्चार पाहा. हे सगळे खरे आहे, पण हा भाग दहा मिनिटांत येतो आणि पुन्हा चुकत नाही. चुकते ते उपपद मुळात हवे की नको, आणि हवे तर ‘अ’ की ‘द’. ‘द’ हा इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारा शब्द असूनही तो बोलताना इतका हलका उच्चारला जातो, की मराठी कानाला तो पुष्कळदा ऐकूच येत नाही. त्यावर ‘मराठीत उपपदे नाहीत, तेव्हा हे पाठच करावे लागेल’ असे विद्यार्थ्याला सांगितले जाते. शब्द नाहीत हे खरे. पण फरक मराठीत नाही असे कोण म्हणेल? ‘मी माळी शोधतो आहे’ आणि ‘मी माळ्याला शोधतो आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यात कोणीही चालेल असा माळी हवा आहे, दुसऱ्यात ऐकणाऱ्यालाही ठाऊक असलेला एक विशिष्ट माळी सापडत नाहीये. पहिल्याचे इंग्रजी ‘अ गार्डनर’, दुसऱ्याचे ‘द गार्डनर’. आपण जो भेद विभक्तीच्या प्रत्ययाने करतो तो इंग्रजी उपपदाने करते. सगळीकडे हे इतके चपखल जुळत नाही, हे मान्य आहे. ‘इन हॉस्पिटल’ आणि ‘इन द हॉस्पिटल’ यांच्यासारख्या जागा वाचूनच अंगवळणी पडतात. तरी ‘ऐकणाऱ्याला कोणता ते ठाऊक आहे का?’ हा एक प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागली, की उपपदांच्या निम्म्याहून अधिक जागा मार्गी लागतात, असा माझा अनुभव आहे.

संकेतार्थी, म्हणजे अटीच्या, वाक्यांचे तर मला नेहमी नवल वाटते. पुस्तकांनी त्यांना शून्य, पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले आहेत. विद्यार्थ्याला क्रमांक आठवतो, सूत्रही आठवते, पण बोलताना कोणता क्रमांक लावायचा ते सुचत नाही. त्याने फक्त मराठीकडे पाहावे. ‘उद्या पाऊस आला तर मी येणार नाही’ या वाक्यात ‘आला’ हे रूप भूतकाळाचे आहे आणि अर्थ उद्याचा आहे. म्हणजे अटीच्या वाक्यात क्रियापदाचे रूप खऱ्या काळाशी बांधलेले नसते, हे मराठी माणसाला लहानपणापासून येते. मग ‘इफ आय न्यू हिज नंबर, आय वुड कॉल हिम’ यात ‘न्यू’ भूतकाळी रूपाचे असूनही बोलणे आत्ताचे आहे, एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ‘मला त्याचा नंबर माहीत असता तर’ हा त्याचा मराठी भाव. फरक आहे तो इतकाच, की मराठी अटीच्या आणि परिणामाच्या दोन्ही भागांत तेच रूप ठेवते, ‘तो आला असता तर मी गेलो असतो’, आणि म्हणून विद्यार्थी दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहितो. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड कम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव गॉन’. तसेच ‘इफ’च्या बाजूला भविष्यासाठी ‘विल’ सहसा येत नाही, ‘इफ इट रेन्स’ एवढेच पुरते. क्रमांक विसरले तरी चालतील.

कर्मणी प्रयोगाविषयी थोडेच लिहितो, कारण तिथे दोष मराठीचा नसून परीक्षांचा आहे. ‘आय राइट अ लेटर’चे ‘अ लेटर इज रिटन बाय मी’ करून घेण्याचा सराव वर्षानुवर्षे चालतो, आणि असे वाक्य जगात कोणीही कोणाशी बोलत नाही. ‘रिमूव्ह टू’ आणि ‘नो सूनर दॅन’ हे वाक्य बदलून लिहिण्याचे प्रकारही त्याच जातीचे. कर्मणी प्रयोग लागतो तो कर्ता सांगायचा नसतो किंवा ठाऊक नसतो तेव्हा. मराठीत आपण कर्ता गाळून मोकळे होतो, ‘निकाल जाहीर केला आहे’. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून निकालालाच पुढे आणून ‘द रिझल्ट हॅज बीन डिक्लेअर्ड’ असे म्हणावे लागते. हे सांगितले तर विद्यार्थी दुसऱ्या दिवसापासून तो वापरू लागतो. अप्रत्यक्ष कथनाचेही तेच: ‘तो म्हणाला की मी येतो’ असे मराठी त्याचेच शब्द तसेच ठेवते, इंग्रजी ते बोलणे दुसऱ्याला सांगणाऱ्याच्या जागेवरून पाहून ‘ही सेड ही वुड कम’ म्हणते. पुस्तके मात्र इथे अवतरणचिन्हे काढण्याचा आणि ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ करण्याचा सराव देऊन थांबतात.

काही ठिकाणी मराठीच इंग्रजीपेक्षा स्वच्छ असते. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ आणि ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ यांतला भेद समजावताना शिक्षक घामाघूम होतात. ‘तो बोलायचा थांबला’ आणि ‘तो बोलायला थांबला’ असे म्हटले, की वर्ग हसतो आणि पुढे सरकता येते.

यावर काही आक्षेप येतील. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मराठी मध्ये आणली की विद्यार्थी भाषांतर करत बसतो, हा पहिला आक्षेप. माझे म्हणणे असे, की तो भाषांतर करतोच. आपण ते उघड करायचे की लपू द्यायचे एवढाच प्रश्न आहे. वर्गातले बोलणे, वाचन, ऐकणे सगळे इंग्रजीत असावे याला माझी हरकत नाही, परंतु चूक कुठून आली हे सांगताना तिचे उगमस्थान मराठीत आहे आणि तिथे मराठीतच जावे लागते. दुसरा आक्षेप असा, की व्याकरण शिकवूच नये, समजेल असे भरपूर ऐकावे-वाचावे, भाषा आपोआप येते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात हा विचार जोमाने मांडला, आणि वाचनाविषयीचा त्यांचा आग्रह मला मान्य आहे. परंतु वीस वर्षे रोज इंग्रजी वाचणारी माणसे ‘सिन्स फोर इयर्स’ लिहितात हे मी पाहतो. १९९० साली त्याच क्षेत्रातले रिचर्ड श्मिट यांनी म्हटल्याप्रमाणे, जे रूप शिकणाऱ्याच्या लक्षात येत नाही ते त्याच्या भाषेत मुरत नाही. आणि हलकेच उच्चारलेला ‘द’ किंवा क्रियापदाच्या शेवटचा ‘एस’ कोणीतरी बोट ठेवून दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही. तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे: आपले इंग्रजी आपल्या वळणाचे असले तर बिघडले काय? काहीच बिघडत नाही. ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ हे आपापसांत कोणालाही खटकत नाही. ते वळण ठाऊक असूनही घेणे वेगळे आणि दुसरे वळण ठाऊकच नसणे वेगळे, एवढेच मी म्हणेन, आणि परक्या वाचकाला पत्र लिहिणाऱ्याला दोन्ही ठाऊक असावीत.

शिकवण्याच्या बाजूने एक व्यावहारिक सूचना. विद्यार्थ्याच्या लेखनातली प्रत्येक चूक लाल शाईने दाखवू नये. वर दिलेल्या पत्रात सात-आठ खुणा केल्या तर तो त्यांतली एकही लक्षात ठेवणार नाही. एका आठवड्यात फक्त ‘हॅड’ पाहावा. त्याने स्वतःच्या जुन्या लेखनातले सगळे ‘हॅड’ शोधावेत आणि प्रत्येकापुढे ‘कशाच्या आधी?’ हा प्रश्न लिहावा. उत्तर नसेल तिथे ‘हॅड’ खोडावा. पुढच्या आठवड्यात ‘पासून’, त्यानंतर पोटात गेलेले प्रश्न. आणि महिन्याभराने पुन्हा ‘हॅड’, कारण तो परत आलेला असतो.

आपल्या सदरासाठी माझी विनंती मर्यादित आहे. दर आठवड्याला वाचकांपैकी कोणाचाही, नाव न देता, आठ-दहा ओळींचा मूळ इंग्रजी मजकूर छापावा. त्यातली एकच प्रकारची चूक निवडावी, ती ज्या मराठी वाक्यातून आली ते वाक्य शेजारी द्यावे, आणि मराठी काय करते व इंग्रजी काय करते हे चार ओळींत सांगावे. व्याख्या, तक्ते आणि रिकाम्या जागा भरा हे गाळले तर एवढ्यासाठी जागा नक्की निघेल. पहिल्या खेपेला ‘होतो’ आणि ‘हॅड’ हा विषय घ्यावा, कारण त्यावर वाचकांचा मजकूर सर्वांत जास्त येईल, आणि त्यातला निवडक मजकूर तपासून देण्यास मी तयार आहे.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक व नियमित वाचक